बोल्टाखालचा रंग

घटस्थापनेच्या दुपारी आमच्या सोसायटीच्या आवारात टेम्पो येतो आणि माणसाएवढे काळे डबे उतरवतो. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत खुर्ची टाकून बसतो. खाली मंडपवाले तारा कुठून नेतात, जोड कसा मारतात, टेप नीट गुंडाळतात की नुसती थापतात, सगळं बघतो आणि मनातल्या मनात शिव्या घालतो. संध्याकाळी डबे सुरू होतात. मला ते ऐकू येत नाहीत. खिडकीच्या ग्रिलवर तळहात ठेवला की कळतं, झाले सुरू. ग्रिल थरथरते, ती थरथर हातात शिरते, कोपरापर्यंत चढते.

कान गेले माझे. दोन्ही. मुलानं मशीन आणून दिलंय, ते खणात पडलंय. घातलं की माणसाच्या बोलण्यापेक्षा पातेल्याचा आवाज मोठा येतो. आणि खरं सांगायचं तर ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या गाड्यांत आवाज बसवला, त्यानं कानात वाटाणा घालून फिरायचं? मी नाही घालत. सूनबाई ओरडून बोलते, मी मान हलवतो, चाललंय.

हा अश्विन महिना मला पहिल्यापासून आवडत नाही. पाऊस गेलेला असतो आणि थंडी आलेली नसते. इथं मुलुंडला निदान डोंगराचा वारा तरी लागतो. पण साकीनाक्याला, माझ्या कामाच्या पत्र्याच्या गाळ्यात, त्या महिन्यात दुपारी बसून बघायला हवं होतं. वर पत्रा तापलेला, समोर गाडीचं बॉनेट तापलेलं, हातात सोल्डरिंगची इस्त्री तापलेली. राळेचा धूर नाकात, रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा वास डोक्यात. शेजारच्या गाळ्यात लेथ चालायची, तिच्यातून निळे पडलेले लोखंडाचे कीस उडायचे. अशात दसरा तोंडावर आलेला आणि रांगेत पाच गाड्या उभ्या. दसऱ्याला गाडीला हार घालून, गाणी लावून जुहूला चक्कर मारायची, ही त्या वेळच्या पैसेवाल्यांची हौस. आणि गाणी म्हणजे नुसती गाणी नव्हेत. पोटात धक्का बसला पाहिजे.

तो धक्का बसवणारा माणूस मी होतो. चौथीत शाळा सोडलेला. पाटीवर नाव लिहिलं होतं रघुनाथ, पण अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत सगळे मला मास्तर म्हणायचे. ज्यांनी शाळा पुऱ्या केल्या ते माझ्यापुढे डिकी उघडून उभे राहायचे आणि विचारायचे, "मास्टर, क्या हुआ है इसको?" मला ते फार बरं वाटायचं. अजून वाटतं, आठवलं की.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत टेप असतो पुढे, स्टिअरिंगच्या बाजूला. त्याला आम्ही डेक म्हणायचो. डेकमध्ये ताकद नसते. म्हणून मागे डिकीत एक चपटा लोखंडी डबा बसवायचा, तो बूस्टर. डेकमधून एक बारीक तार गाणं घेऊन बूस्टरकडे जाते. बॅटरीपासून एक जाड तार ताकद घेऊन जाते. बूस्टर त्या दोघांना एकत्र करतो आणि वूफरला देतो. वूफर म्हणजे मोठा भोंगा, लाकडी पेटीत बंद केलेला. आणि आणखी एक तार असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती बूस्टरमधून निघते आणि गाडीच्या पत्र्याला जाऊन मिळते. आलेली वीज परत जायची वाट ती. अर्थिंग. शंभरातल्या नव्वद गाड्यांचं दुखणं तिथं असतं, हे मी आज सांगतोय. ज्या दसऱ्याची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी मला ते दत्तानं सांगितलं होतं.

दत्ता माझ्या गावचा. कणकवलीच्या पुढे आमचं गाव, दोघांची घरं एका वहाळाच्या दोन काठांना. मुंबईला आलो तेही एकाच वर्षी. मी गिरणीत तीन महिने टिकलो, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, अंगावर धावून गेलो आणि बाहेर पडलो. दत्ता टिकला. साचे खात्यात बारा वर्षं. साचे खातं म्हणजे जिथं कापड विणतात ते. शेकडो साचे एका वेळी खडखडत असतात, तिथं माणसाचा कान किती दिवस राहणार? त्याचे गेले. त्या खात्यातले सगळेच एकमेकांशी आवाज न काढता बोलायचे, नुसते ओठ हलवून. वीस हातांवरून दत्ता ओठ वाचायचा. आणि साचा बिघडला की तो ऐकून कळायची सोय नव्हती, म्हणून साच्याच्या अंगाला हात लावून बघायचा. कुठला दांडा ढिला झालाय, कुठं घासतंय, सगळं तळहाताला कळायचं त्याला.

मग गिरणी बंद पडली. वर्षभर वाट बघून दत्ता साकीनाक्याला माझ्याकडे आला. मी त्याला ठेवून घेतलं. "ठेवून घेतलं" हा शब्द मी त्याच्यासमोर, गिऱ्हाइकासमोर, चहावाल्यासमोर किती वेळा वापरला असेन, सांगता येत नाही. तो ओठ वाचायचा, म्हणजे दर वेळी त्याला कळायचं.

एकटे असलो की तो मला रघ्या म्हणायचा. गिऱ्हाईक आलं की लगेच मास्तर. मी त्याला दोन्ही वेळी बहिऱ्या म्हणायचो.

एकदा एका गाडीत दोन वूफर बसवले. एकेक लावला तर दणका, दोन्ही लावले तर आवाज पोकळ. दणका गायब. अर्धा दिवस मी बूस्टर उघडून बसलो. भाग बदलले, जोड पुन्हा मारले, शेवटी बूस्टर खराब आहे म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवायला निघालो. दत्ता आला, पेटीसमोर उकिडवा बसला आणि दोन्ही भोंग्यांच्या कागदावर एकेक तळहात ठेवला, आजारी पोराच्या छातीवर ठेवावा तसा. म्हणाला, "रघ्या, एक भायर येता तेव्हा दुसरो आत जाता. दोघे भांडतत." एका वूफरच्या तारा उलट्या लागल्या होत्या. फिरवल्या आणि गाळ्याचा पत्रा वाजायला लागला. गिऱ्हाइकाला मी सांगितलं, "शोधून काढला मी." दत्ता बाजूला उभा होता. हसला. तेव्हा हसायचा तो.

त्या पेटीत भरायला कापसाची वेस्टही त्यानंच आणली होती. नुसत्या लाकडाच्या पेटीत आवाज घुमतो, ढोलात दगड टाकल्यासारखा. वेस्ट भरली की गोल होतो. गिरणीत मशीन पुसायला वापरायचे ती वेस्ट, त्याच्या घरी पोतंभर पडली होती. मूठमूठ पिंजून तो ती आत सारायचा. पुढे सगळे म्हणायला लागले, मास्तरच्या पेटीचा आवाजच वेगळा. मी नाही म्हणालो नाही.

तर तो दसरा.

घाटकोपरचे एक शेठ होते, त्यांना आपण कांतीशेठ म्हणू. त्यांची मोठी ॲम्बॅसिडर, नुकतीच रंगवून आणलेली, दुधासारखी पांढरी. डिकीच्या आतसुद्धा रंग मारलेला. आखातातून त्यांच्या मेहुण्यानं बूस्टर आणला होता. शेठनी गाडी लावली, डिकी उघडली आणि म्हणाले, "मास्टर, गाडी को अभी रंग मारा है. एक खरोच नहीं मंगता."

मी म्हटलं, "शेठ, मास्तरच्या हातून खरोच? दुर्बीण लावून बघा."

इथं मी अडकलो. अर्थिंगची तार पत्र्याला लावायची तर खालचा रंग खरवडून उघडं लोखंड काढावं लागतं. रंगातून वीज नीट जात नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण शब्द दिला होता, आणि तोही चार लोकांसमोर छाती काढून. स्टेपनी धरायच्या पट्टीचा बोल्ट होता, मी त्याच्याच खाली तार घातली आणि आवळून टाकली. भोक नाही, ओरखडा नाही. वरून कार्पेट ओढलं.

गाडी सुरू केली आणि भोंग्यातून कुईं ऐकू आली. ॲक्सिलेटर दाबला की कुईं चढायची, सोडला की उतरायची. कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय द्यावा तशी. आणि आवाज मोठा केला की बूस्टर मध्येच गप्प व्हायचा. दोन दिवस मी त्या गाडीत घातले. डायनॅमोवर नवा कंडेन्सर लावला. बॅटरीच्या तारेत चोक टाकला. गाण्याची बारीक तार डाव्या बाजूनं गेली होती ती उजव्या बाजूनं नेली, कार्पेट उपटून. डेक काढला, दुसरा लावला. कुईं तशीच. माझे कान तेव्हा वाघासारखे होते, प्रत्येक वेळी ती मला स्पष्ट ऐकू यायची, आणि प्रत्येक वेळी मी डिकीकडं न बघता पुढच्या बाजूला काहीतरी उपटायला जायचो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठ बघायला आले. दत्ता डिकीत वाकला होता. त्यानं बूस्टरवर हात ठेवला, तारेवरून बोटं सरकवत नेली आणि कार्पेटाखाली त्या बोल्टापाशी थांबला. झटकन हात काढला. मग माझ्याकडे बघून, शेठ उभे आहेत हे विसरून म्हणाला, "रघ्या, ह्यो बोल्ट तापलो हा. चटको बसतलो, हात लाव. खालचो रंग खरवडूक व्हयो."

शेठना मालवणी कळत नव्हती, पण बोट कळलं. ते म्हणाले, "क्या बोलता है ये? इसको पकड में आया क्या?" आणि दत्ताकडे बघून कौतुकानं मान हलवली.

ती मान मला सहन झाली नाही. एवढंच कारण. मोठं काही नाही.

मी म्हटलं, "शेठ, हा बहिरा आहे. गिरणीतनं काढलेला. याला आवाजातलं काय कळतंय?" आणि दत्ताकडे वळून, तोंड नीट दिसेल असं, एकेक शब्द सुटा करून बोललो, "बहिऱ्यानं. मला. आवाज. शिकवायचा. नाही."

तो म्हणाला, "माका आयकाक येना नाय. हाताक कळता." एवढं बोलून बाजूला झाला. मी पाना घेऊन तोच बोल्ट आणखी आवळला, इतका की आटे रंगात थोडे घुसले असतील. कुईं कमी झाली. शेठ खूश झाले. मी जिंकलो.

गिरणीत दसऱ्याची एक रीत होती. त्या दिवशी साचे बंद. प्रत्येक कामगार आपल्या साच्याला झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि बायकापोरांना आत घेऊन यायचा. वर्षात तो एकच दिवस घरच्यांना आत सोडायचे. हा माझा साचा, असं दाखवायचं. बारा वर्षं दत्ता बायकोला, आमच्या वहिनीला, घेऊन गेला होता. वहिनी पाटल्या घालून, नवं लुगडं नेसून त्या लोखंडाला हळदकुंकू लावायची.

गिरणी गेल्यावर साचा राहिला नाही. त्या वर्षी दत्तानं मला विचारलं होतं, "दसऱ्याक हिका हय घेवन येव?" मी म्हटलं, आण की. विचारतोस काय.

ती आली. साकीनाक्याच्या त्या गल्लीत, ऑइलच्या डबक्यांतून लुगडं उचलून धरत आली. मी पाने, पक्कड, इस्त्री, मीटर सगळं पाटावर मांडून ठेवलं होतं. आपट्याची पानं, झेंडू, पेढ्यांचं ताट. लेथवाला, रंगवाला, चहावाला, सगळे शेजारी जमले होते. शेठ गाडी न्यायला आले होते, गाडीच्या नाकावर हार. वहिनीनं सगळ्या अवजारांना हळदकुंकू लावलं. दत्ता तिला एकेक वस्तू दाखवत होता. ही पेटी, हिच्यात मी वेस्ट भरतंय. ह्यो वूफर. ती कौतुकानं बघत होती आणि मला म्हणाली, "भावोजी, तुमच्यामुळे ह्येंका परत हातात काम गावला."

हे वाक्य ऐकूनही मी पुढचं केलं.

मी दत्ताला म्हटलं, "चल, शेठच्या गाडीत बस मागे. आवाज कसा झालाय ते तू सांग शेठना. तुझ्या पेटीचा आवाज आहे." आणि तो बसल्यावर पेढ्यांचं ताट त्याच्या दोन्ही हातांत दिलं. "धर जरा." मुद्दाम दिलं. हात मोकळे असते तर त्यानं सीटच्या पाठीवर तळहात टेकला असता. मी पुढे बसलो, कॅसेट घातली. डेकचे हिरवे लाल दिवे नाचायला लागले. आवाजाचं बटण मी शून्यावर ठेवलं होतं. मग मी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला, मान डोलवायला लागलो आणि आरशातून त्याच्याकडे बघून ओरडलो, "कसा आहे?"

त्यानं माझ्या मानेकडे बघितलं. दिव्यांकडे बघितलं. दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. आणि तोही मान डोलवायला लागला. मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं, म्हणाला, "झकास! एकदम झकास, शेठ!"

गल्ली हसली. लेथवाला तर खाली बसला हसून हसून. शेठही हसले. दत्ताला पहिल्यांदा वाटलं की आनंदानं हसतायत, म्हणून तोही हसला. वहिनी हसली नाही. ती कान देऊन ऐकत होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. मग तिला कळलं. ती गाडीपाशी आली, आत वाकली, त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि पाटावर ठेवलं. त्याच्याकडे तोंड करून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून काहीतरी बोलली. नवऱ्याची ती भाषा तिलाही येत होती, हे मला तेव्हा कळलं. तो उतरला. दोघं गल्लीतून चालत गेली. जाताना त्यानं मला आपट्याचं पान दिलं. दसरा होता ना. मी घेतलं.

तुम्हाला वाटत असेल, त्या दिवशी मला घास गिळवला नसेल. गिळवला. श्रीखंड होतं.

दुसऱ्या दिवशी दत्ता कामावर वेळेवर आला. रघ्या म्हणाला नाही. एकटे असतानाही मास्तर म्हणाला.

पाचव्या दिवशी शेठची गाडी आली, ती दुसऱ्या गाडीला दोर बांधून. आतला वास मी अजून विसरलेलो नाही. जळलेलं रबर, करपलेला काथ्या, वर नव्या रंगाचा वास. झालं असं की त्या रंगलेल्या बोल्टातून विजेला परत जायला वाट मिळेना. तिनं दुसरी शोधली. गाण्याची ती बारीक, केसाएवढी तार, तिच्यातून ती उलटी डेककडे निघाली. तार लाल झाली आणि डिकीपासून पुढच्या सीटपर्यंत कार्पेटाखाली सगळी जळत गेली. शेठ घाबरून चालत्या गाडीतून उतरले होते. मागची सीट काळी. दुधासारखी डिकी काळी. ओरखडा मात्र एकही नव्हता.

शेठ लाल झाले होते. "किसने किया ये? बोल, किसने किया?"

दत्ता माझ्या मागे, गाळ्याच्या दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाठ केली. नीट विचार करून केली, त्याला माझे ओठ दिसू नयेत म्हणून. आणि शेठना म्हटलं, "इसने, शेठ. बहिरा आहे, मी सांगितलं होतं ना तुम्हाला. बोल्ट बराबर टाईट नहीं किया."

बोलता बोलता माझी नजर समोर गेली. मी गाडीच्या मागच्या काचेसमोर उभा होतो. आत सगळं काजळलेलं, त्यामुळे काच आरशासारखी झाली होती. तिच्यात माझं तोंड दिसत होतं, बोलणारं. आणि माझ्या खांद्यावरून, दारात, दत्ता. तो काचेकडेच बघत होता.

वीस हातांवरून ओठ वाचणारा माणूस. हे तर सहा हातांवर होतं.

शेठ त्याला जे बोलायचं ते बोलले. आईवरून बोलले. त्यानं मान खाली घातली नाही, वर केली नाही, मी नव्हतो असंही म्हणाला नाही. मी वाट बघत होतो की म्हणेल. म्हणाला असता तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. तो आत गेला, जुनी करवतीची पात होती ती घेऊन आला, आणि शेठच्या डोळ्यांसमोर डिकीत वाकून तो बोल्ट खोलला. खाली काळी पडलेली, तरी शाबूत, रंगाची गोल चकती होती. तो खरवडायला लागला. खर्र खर्र. लोखंड पांढरं चमकेपर्यंत त्यानं खरवडलं, फुंकर मारली, तार लावली, बोल्ट बसवला. जळालेल्या तारा काढून नव्या ओढल्या. त्यातच संध्याकाळ झाली. गाडी सुरू केली, कुईं नाही. आवाज वाढवला, बूस्टर गप्प होईना. त्यानं वूफरवर तळहात ठेवला, डोळे मिटले. "आता रडाचो नाय," एवढंच म्हणाला, कुणाला म्हणाला माहीत नाही. पात माझ्या हातात दिली आणि गेला. परत आला नाही. पुढच्या महिन्यात ऐकलं, बिऱ्हाड मोडून दोघं गावाला गेली.

मी त्याला बोलवायला गेलो नाही. माणूस स्वतःच्या पायानं जातो, त्याला कोण काय करणार, असं मी लोकांना सांगायचो.

पण त्यानंतर एकही गाडी मी रंग खरवडल्याशिवाय सोडली नाही. गिऱ्हाईक कितीही बोंबललं तरी आधी पात काढायचो. त्याचीच पात. त्यावरून माझं नाव झालं. बोरिवलीहून माणसं यायची. म्हणायचे, मास्तर आधी ओरखडा मारतो, पण पुन्हा गाडी दाखवायला लागत नाही. हे कुणाकडून शिकलात, असं एकानं विचारलं होतं. मी म्हटलं, अनुभव.

बंद गाडीत बसून रोज दहा-दहा वेळा वूफर तपासायचा, याला कान किती वर्षं पुरणार? पहिल्यांदा कुईं ऐकू यायची बंद झाली. मग दाराची बेल. मग नातीचं बोलणं. मी कुणाला सांगितलं नाही. मान डोलवत राहिलो. मान डोलवायला मला येतच होतं.

मग एका अश्विनात गावाला गेलो, घराच्या कामाला. माफी मागायला गेलो नव्हतो, तसं कुणी समजू नये. भातकापणी चालली होती, शेतातून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. वहाळ ओलांडून सहज त्याच्याकडे गेलो. दत्ता पडवीत बसला होता, अंगानं अर्धा झालेला. वहिनीचे केस पांढरे. दोघांनी बस म्हटलं असावं. मी बसलो. वहिनीनं चहा आणला. दत्तानं बशीसकट कप उचलला आणि माझ्या दोन्ही हातांत दिला. काठोकाठ भरलेला होता, एक हात काढता येत नव्हता.

मग तो माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागला. बरंच बोलला. ओठ हलत होते, शेवटी भुवया वर गेल्या, म्हणजे काहीतरी विचारलं होतं. आता त्याला, दत्ताला, मी कसं सांगणार की मला ऐकू येत नाही? मी मान डोलवली. हसलो. म्हटलं, "झकास. एकदम झकास."

वहिनी दारात थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मी ओळखलं. साकीनाक्याच्या गल्लीत, गाडीच्या दाराशी असंच बघितलं होतं तिनं, फक्त तेव्हा नवऱ्याकडे. मी दत्ताच्या गळ्याकडे बघितलं. बोलताना माणसाचा गळा हलतो. तो पुन्हा तेच विचारत होता, ओठ हलत होते, आणि गळा हलत नव्हता. आवाज काढलाच नव्हता त्यानं. काय झालंय मला, हे त्यानं मी वहाळ ओलांडतानाच ओळखलं असणार.

तो हसला नाही. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठलो. वहाळापर्यंत तो सोडायला आला. मी मागे वळून बघितलं नाही, त्यामुळे आणखी काही बोलला असेल तर मला माहीत नाही.

पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

आता नवरात्र आलं की खाली डबे लागतात, घर थरथरतं. सून म्हणते बाबा खिडकी लावून घेऊ का, म्हणत असावी. ती स्वयंपाकघरात गेली की मी कपाटाच्या आरशासमोर उभा राहतो आणि त्या दिवशीचे ओठ आठवून तसे करून बघतो. आधी मिटलेले. मग जरा ताणलेले. शेवटी उघडे, आणि भुवया वर. पुन्हा पुन्हा करतो. काहीच अर्थ लागत नाही. दत्ता असता तर एका नजरेत त्यानं वाचलं असतं.

त्यानं मला काहीतरी विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं. मी त्याला झकास असं सांगून आलोय.